‘अवो, निम्मं करा’ — दहिवलीच्या फ्लॅटमधला आवाज

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको — मी एक नंबरचा थापाड्या माणूस आहे. इथं नावं बदलून लिहितोय. पण कडावच्या नाक्यावर जाऊन नुसतं ‘तो बिबट्यावाला कुठं राहतो?’ एवढं विचारलंत, तर चहावाला आधी हसेल आणि मग माझ्या घराकडं बोट दाखवील. अशा माणसानं ह्या सदरात येऊन ‘माझा अनुभव शंभर टक्के खरा आहे’ म्हणायचं म्हणजे... असो. म्हणतोय.

दुसरी गोष्ट. भूत, हडळ, चकवा, आत्मा — ह्या खात्याशी माझा कधीच संबंध नव्हता. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव आणि घरातली भुतं, दोन्ही एकाच टोपलीतून बाहेर गेली. मेलेल्या माणसाच्या नावानं कावळ्याची वाट बघत बसणारे आम्ही नाही. गेलेलं माणूस परत येत नाही, हे मी स्वतः विहारात उभं राहून लोकांना समजावून सांगितलंय. इथले किस्से मात्र रोज वाचतो. कोण किती चढवून सांगतोय ते बघायला. धंद्यातला माणूस आहे ना!

धंदा म्हणजे काय, तर माथेरानला एका हॉटेलात आयुष्य काढलं. आधी भांडी घासली, मग वेटर झालो, शेवटी कॅप्टन. माथेरानला गाडी नाही, हॉर्न नाही, अंधार पडला की गिऱ्हाइकाला करायला काही नाही. मग ते सूप पिता पिता विचारतं, ‘काय हो, इथं जनावर-बिनावर येतं का?’ आता त्या बिचाऱ्यानं ठाण्याहून यायचं, घोड्यावर बसून कंबर मोडून घ्यायची, आणि मी ‘नाही’ म्हणायचं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

तर माझा बिबट्या हॉटेलच्या किचनमध्ये शिरला होता. म्हशीएवढा. मी हातातल्या झाऱ्यानं त्याच्या नाकावर एक ठेवून दिली. त्यानं माझ्याकडं बघितलं, आमचा मॅनेजर पगाराच्या दिवशी बघायचा तसं. मग तंदुरी कोंबडी तोंडात धरून मागच्या दारानं शांतपणे निघून गेला. कोंबडीचे पैसे माझ्या पगारातून कापले, असंही मी शेवटी जोडायचो. त्यानं गोष्टीला वजन येतं.

आता आमची ही. शेवंता म्हणू. ती घाटावरची, मावळातली. लग्न होऊन खाली कडावला आली ती तिकडची बोली बांधून घेऊनच. आमच्या घरात सगळे ‘अर्धं’ म्हणतात, ही ‘निम्मं’ म्हणायची. भाकरी निम्मी, चहा निम्मा, ‘निम्म्या वाटंत पाऊस लागला’. सासूनं सुरुवातीला थट्टा केली, मग सासूच ‘निम्मं’ म्हणायला लागली. पण त्या म्हाताऱ्या बाईला जाऊनही आता वर्षं झाली.

मी ओसरीवर पाहुण्यांना बिबट्या सांगायला बसलो, की आतून, चुलीपासून, ताटल्यांच्या आवाजातून यायचं —

‘अवो, निम्मं करा.’

बाहेर कधी आली नाही. तोंडावर कधी बोलली नाही. आणि आवाज चढवून तर कधीच नाही. भाजीत मीठ टाकावं इतकं सहज. मी लगेच म्हणायचो, ‘बरं, वासराएवढा होता.’ आतून — ‘अजून निम्मं.’ ‘बरं बाई, शेळीएवढा!’ पाहुणे हसून हसून आडवे. मंडळी, खरं सांगू का, लोक माझा बिबट्या ऐकायला येतच नव्हते. आतला तो आवाज ऐकायला यायचे. मी फुगा फुगवायचा आणि हिनं टाचणी लावायची, असा आमचा संसार.

आमच्या प्रज्ञाच्या लग्नाची बोलणी चालली होती. एकुलती एक पोरगी. मी व्याह्यांना म्हणालो, ‘आमच्याकडं भात असं माजतं, की एसटी रस्ता चुकते.’ आतून — ‘अवो, निम्मं करा.’ व्याही मिशीत हसले. म्हणाले, ‘पोरगी ह्या माउलीवर गेली असंल तर आमचा होकार हाय.’

आणि आमचा एक छंद होता. फ्लॅट बघणं. घ्यायचा नाही हं, नुसता बघायचा! मी माथेरान सोडून घरी बसलो तेव्हापासून. नेरळपासून खालापूरपर्यंत डोंगराच्या पायथ्याला जिथं जिथं बिल्डिंगची पाटी लागली, तिथं तिथं आम्ही जाऊन आलो. कर्जत स्टेशनवरून त्यांची एसी गाडी न्यायला येते, पोचल्यावर सरबत मिळतं, सॅम्पल फ्लॅटमध्ये पलंगावर बसून बघता येतं. मी सांगायचो, ‘जावई दुबईला असतो.’ ही माझ्या मागून, ‘बदलापूरला.’

पण एक होतं. मी सरबतासाठी जायचो, ही मात्र खरंच बघायची. दारातून थेट किचनमध्ये. ओट्यापाशी उभी राहायची, ओट्यावर तळवा ठेवायची आणि विचारायची, ‘कोथिंबीर कुठं मिळती?’

‘मॅडम, आपल्याकडं क्लब हाऊस आहे. स्विमिंग पूल आहे.’

‘आन् कोथिंबीर?’

‘ती... गाडी काढली की मार्केट जवळच आहे, मॅडम.’

‘कोथिंबिरीला गाडी?’ एवढं म्हणून ती पदर सावरायची आणि गाडीत येऊन बसायची. फ्लॅट नापास.

तिचे गुडघे गेले होते. आमच्या घरापासून दवाखाना, बाजार, काहीही गाठायचं तर टमटमची वाट बघत उन्हात बसायचं. तिला असं घर हवं होतं, की चपला पायात सरकवल्या आणि खाली उतरलं, की भाजी, औषध, विहार, चार बायका — सगळं पायाखाली. एकदा मला म्हणाली, ‘माथेरानला कसं, समदी चालत्यात. राजा असो का हमाल. तसं पायजे.’ मी म्हणालो, ‘तुला ताजमहाल घेऊन देतो, खाली भाजीवाली बसवून.’ काय म्हणाली असेल ते तुम्हाला कळलंच.

गेल्या भादव्यात ती गेली. दुपारी जेवण झालं, तिनं भांडी घासून पालथी घातली, ‘जरा पडते’ म्हणाली. चहाच्या वेळेला मी हाक मारली. ह्यात मी काही चढवून सांगणार नाही. चढवायला काही नाहीच.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. लोक माझं सगळं खरं मानायला लागले. नाक्यावर बसून मी बिबट्या सांगितला, की सगळे मान हलवायचे. ‘असंल बाबा, असंल.’ मी म्हैस वाढवून हत्ती केला — ‘असंल की.’ माझ्या डोळ्यांत न बघता, चहात बघून. कीव करत होते हो! मी गोष्ट सांगून झाल्यावर थांबायचो, सवयीनं. आतल्या दाराकडं कान. तिथं काही नाही. मग मी गोष्टी सांगणंच बंद केलं. बोलणंही जवळजवळ बंद. महिनाभर माझा आवाज मीच ऐकला नाही... बरं, आठवडाभर.

प्रज्ञा कर्जतला नोकरी करते, जावई बदलापूरला; राहायला दोघं दहिवलीत. ती रोज मागं लागायची, ‘पप्पा, एकटे राहू नका. माझ्या जवळ या.’ मी टाळायचो. खरं कारण सांगायची सोय नव्हती. धम्म मानणारा माणूस मी, आणि मनात काय, तर घर बदललं आणि हिला नवा पत्ता कळला नाही तर? हसू नका. रात्री-अपरात्री माणूस असा विचार करतो.

मग एक दिवस तिचा फोन. ‘पप्पा, माझ्या गल्लीतच एक फ्लॅट विकायला आहे. नुसता बघायला तरी या. खाली भाजीवाली बसते.’

पोरगी माझी आहे. कुठं टोचायचं ते तिला बरोबर कळतं.

फ्लॅट असा : दहिवलीत, मुख्य रस्त्यापासून जरा आत. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, दुसरा मजला. खाली एका बाजूला पिठाची गिरणी, दुसऱ्या बाजूला शिंपी. समोर औषधाचं दुकान, त्याच्या पायरीशी भाजीवाली. नदीवरचा पूल ओलांडून चालत गेलं की स्टेशन. विहार गल्लीच्या टोकाला. म्हणजे जिने सोडून द्या, शेवंतानं स्वतः बसून आखला असता तर ह्याहून वेगळा आखला नसता. मला बघूनच राग आला. इतकी वर्षं कुठं होता हा फ्लॅट?

मी ठरवून गेलो होतो — खोट काढायची आणि नापास करून घरी जायचं.

दाखवायला आलेली एजंट बाई, मनीषाताई म्हणू, मूळची पेणकडची. माझ्या घरचं कुणी तिनं कधी पाहिलेलं नव्हतं, मलाही ती पहिल्यांदाच भेटत होती. अंगानं भरभक्कम, स्कूटीवर बसली की स्कूटी दिसायची नाही. आणि बोलायला मला भारी!

‘काका, ही हवा बघा! माथेरानची हवा डायरेक्ट ह्या खिडकीत उतरते.’

‘ताई, मी माथेरानला आयुष्य काढलंय. ती हवा मला ओळखते. ही ती नव्हे.’

‘मग तिची बहीण असेल, काका!’

बाई मला आवडली. आपल्यातली वाटली.

मी कामाला लागलो. भिंतीवर नाणं वाजवून बघितलं. छताला ओल आहे का बघितली — होती, कोपऱ्यात, तळहाताएवढी. मी म्हणालो, ‘हा तर मोरबे धरणाचा नकाशा आहे.’ गॅलरी बघितली. न्हाणीघराचा उतार बघितला. सगळं बघितलं, फक्त किचनमध्ये पाय ठेवला नाही. तिथं पहिलं कोण जायचं ते तुम्हाला सांगितलंय.

भर दुपार होती. ऊन हॉलमध्ये निम्म्यापर्यंत आलेलं. प्रज्ञा म्हणाली, ‘मी खाली मीटर कुठं आहे ते बघून येते,’ आणि गेली. मनीषाताई दाराकडं पाठ करून खिडकीची कडी उघडत होत्या, त्यांनी तिला जाताना बघितलं नसावं. मी हॉलच्या मध्यभागी उभा राहिलो आणि शेवटचा बाण काढला.

‘ताई, खाली गिरणी आहे. ती सुरू झाली की हा अख्खा मजला हलत असणार. आत्ता ती बंद आहे तरी माझे दात वाजताहेत बघा! इथं राहिलो तर महिनाभरात माझ्या कवळीचं पीठ होईल. अख्खी दहिवली त्याच्या भाकऱ्या —’

‘अवो, निम्मं करा.’

किचनमधून.

मंडळी, मी इथले किस्से वाचलेत. अंगावर काटा आला, थंड वारा सुटला, घुमल्यासारखा आवाज आला... तसलं काही नाही. साधा आवाज. जरा कंटाळलेला. मीठ टाकावं तसा. त्याच्या मागं ताटली ठेवल्यासारखं काही वाजलं असं मला वाटलं, पण ते मी धरत नाही, ते माझ्या मनानं जोडलं असेल.

आणि मी घाबरलोही नाही. खरं सांगतो, माझं तोंड उघडलं होतं ‘बरं, थोडंच पीठ’ म्हणायला! सवय हो. जीभ पुढं गेली होती. मग कळलं मी कुठं उभा आहे ते. मागं सरलो. खिडकीचा गज धरला.

तेवढ्यात मनीषाताई खिडकीपासून वळल्या आणि किचनच्या दाराकडं बघून मोठ्यांदा हसत म्हणाल्या —

‘अहो ताई, काय बोलता! अर्ध्यात? अर्ध्यात दिला तर मालक मला ह्याच गॅलरीतून खाली टाकतील! थोडंफार बोलू आपण, पण अर्ध्यात कसं जमेल?’

त्यांनी ऐकलं होतं. त्यांना वाटलं, आमची पोरगी आत किचन बघता बघता भाव पाडतेय!

आणि पुढच्या दारातून, बाहेरून, जिना चढून धापा टाकत प्रज्ञा आत आली. ‘मीटर जिन्याखाली आहे, पप्पा. काय झालं? असे का उभे आहात?’

मनीषाताईंनी प्रज्ञाकडं बघितलं, किचनकडं बघितलं, परत प्रज्ञाकडं बघितलं. ‘तुम्ही खाली कधी गेलात? आत्ता तर आतून म्हणालात ना —’

‘मी? काय म्हणाले?’

‘निम्मं करा, म्हणून. निम्मं म्हणजे अर्धंच ना? भावाचंच ना?’

प्रज्ञाचा चेहरा मला आयुष्यभर विसरता येणार नाही. आधी पांढरा पडला, मग लाल झाला. ती सरळ किचनमध्ये गेली. मी दारातून बघितलं. रिकामं. ओटा, सिंक, भिंतीवर कॅलेंडरचा खिळा, पोटमाळ्यावर धूळ. दुसरं दार नाही. प्रज्ञा ओट्यापाशी पाठमोरी उभी राहिली. तिनं ओट्यावर तळवा ठेवला होता. तिला ते कळत नसावं.

बाहेर आली आणि मनीषाताईंना म्हणाली, ‘आम्ही नंतर कळवतो.’

रस्त्यावर आल्यावर म्हणाली, ‘पप्पा, त्या बाईंना तुम्ही शिकवलंत.’

‘नाय गं. शपथ.’

‘कसली शपथ? तुम्ही शपथा मानता तरी का?’

‘बाळा, मी त्या बाईला आज पहिल्यांदा —’

‘बिबट्याची थाप मारा. हत्तीची मारा. आईची नको.’ तिचा आवाज फाटला. ‘आईची तरी नको, पप्पा.’

ती घरी निघून गेली. भाजीवाली माझ्याकडं बघत होती. मी उगाच कोथिंबिरीची जुडी उचलली आणि ती हातात धरून टमटमनं कडावला आलो.

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? जन्मभर सांगितलेलं सगळं खोटं, आणि जन्मात एकदा खरं घडलं. त्याला साक्षीदार कोण? तर एजंट!

पण मी गप्प बसणारा माणूस नाही. छडा लावायला गेलो. किचनच्या खिडकीबाहेर डक्ट आहे, पाइपांसाठी वरपासून खालपर्यंत सोडलेली मोकळी जागा. वाटलं, वरच्या मजल्यावरचं कुणी बोललं असेल. वरच्या फ्लॅटला कुलूप, माणसं गावी. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटेच, त्यांच्या घरात टीव्हीसुद्धा नाही. शेजारच्या घरात एक बाई असतात, त्या त्या दुपारी कामावर होत्या. ‘अवो’ म्हणणाऱ्या बायका तालुक्यात कमी नाहीत, मान्य. पण ‘निम्मं करा’? नेमकं माझं वाक्य मध्येच तोडून? मनीषाताईंना एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, ‘काका, माझ्या कानांना काही झालेलं नाही. बाईचा आवाज होता, आतून होता. तुमच्या ताईंचा वाटला. पण आता म्हणता तर... जरा वयस्कर होता.’

मी चावी मागायला लागलो. ‘पाण्याचा टाइम बघायचाय.’ ‘दुपारचं ऊन कुठवर येतं ते बघायचंय.’ ‘गिरणी चालू असताना बघायचंय.’ मनीषाताई चावी द्यायच्या, स्वतः वर यायच्या नाहीत. खाली शिंप्याकडं बसायच्या. मी हॉलमध्ये उभा राहून किचनकडं तोंड करून थापा मारायचो. अशा थापा, मंडळी, की माथेरानच्या माकडांनी टाळ्या वाजवल्या असत्या! टॉय ट्रेन मी पाठीवर घेऊन चढवली. शार्लोट तलावात मी मगर पाळली. बिबट्या तर एवढा झाला की किचनच्या दारातून आत येईना, भिंत पाडावी लागली. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी मी थांबायचो.

काही नाही. खाली गिरणी चालायची. मजला जरासुद्धा हलायचा नाही.

‘शेवंते,’ मी म्हणायचो, ‘एवढी मोठी थाप सोडून दिलीस?’

काही नाही.

एका दुपारी मी ओट्याला टेकून जमिनीवर बसलो होतो आणि बिबट्याच सांगत होतो, हळू आवाजात. झाऱ्यापर्यंत आलो होतो. दारात हालचाल झाली. प्रज्ञा. मनीषाताईंनी तिला फोन केला असावा. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

ती आत आली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली, चांगल्या ड्रेसमध्ये, धुळीत. मला वाटलं आता ओरडणार. ती म्हणाली, ‘केवढा होता, पप्पा?’

‘म्हशीएवढा,’ मी म्हणालो. आणि थांबलो.

तिनं माझा हात हातात घेतला. ‘म्हशीएवढाच होता, पप्पा. म्हशीएवढाच होता.’

माझ्या पोरीनं. ती पण नाक्यावरच्यांसारखी. तेव्हा मी रडलो. भादव्यात रडलो नव्हतो तेवढा. आमच्या घरात आता निम्मं करणारं माणूस उरलं नाही, हे मला तेव्हा पुरतं कळलं.

तीही रडत होती. पण ती वेगळंच रडत होती, ते मला नंतर समजलं. रडता रडता तिची शहरी भाषा गळून गेली आणि ती लहानपणीसारखं बोलायला लागली —

‘मला का नाय ऐकू आलं, पप्पा? मी रागावले तुमच्यावर, पण मी घरी जाऊन मनाशी हेच बोलत होते... आई आली आसंल तर मला का नाय ऐकू आलं? मी मीटर बघायला गेले. मीटर! त्या मीटरमध्ये काय बघायचं होतं मला? जरा थांबले आसते तर... तुमच्याशी बोलली, त्या कोण कुठल्या बाईला पण ऐकू आलं. माझ्याशीच का नाय बोलली?’

मंडळी, ह्या प्रश्नाला काय उत्तर देता? आईनं बाहेरच्या बाईला आवाज दिला आणि पोटच्या पोरीला दिला नाही — हे घेऊन ती जन्मभर जगणार होती. चेहऱ्यावर दिसत होतं.

मी डोळे पुसले. घसा साफ केला. आणि म्हणालो, ‘येडी का काय तू? कुणी नाय बोललं. मीच शिकवलं होतं मनीषाताईंना.’

ती रडायची थांबली.

‘आदल्या दिवशी येऊन भेटलो तिला. म्हटलं, ताई, माझी पोरगी खाली गेली की असं असं बोला. गंमत करायची होती. तुझा चेहरा बघून मग तोंड उघडायचा धीर झाला नाय.’

हे बोललो आणि मी ओट्याकडं बघत राहिलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप होती ती. जे एकच खरं घडलं होतं त्यालाच खोटं ठरवलं होतं मी. इथं टोकायला हवं होतं शेवंतानं. मनात म्हणत होतो, टोक. आत्ता टोक. पोरगी इथंच बसलीय, तिला ऐकू दे.

नळातून एक थेंब पडला. बस्स.

तिनं ती थाप पुरी जाऊ दिली. पहिल्यांदाच.

‘पप्पा, तुम्ही ना...’ प्रज्ञानं माझ्या खांद्यावर बुक्की मारली. मग दुसरी मारली, जोरात. मग हसली, रडली, परत हसली. ‘नालायक आहात तुम्ही. आई असती तर —’ आणि तिथं थांबली. पण चेहरा मोकळा झाला होता. कडेवर घेतल्यावर लहानपणी व्हायचा तसा.

खाली येऊन मी मनीषाताईंना कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं की तुम्हाला मी शिकवलं होतं, असं आपलं ठरलंय. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, ‘काका, मी एजंट आहे. ह्याहून मोठं खोटं मी सकाळच्या चहाआधी बोलते.’ प्रज्ञाची मात्र त्यांनी काय हुबेहूब माफी मागितली! साडीला कॉलर असती तर त्यांनी उडवली असती.

फ्लॅट घेतला. कडावच्या घराला कुलूप आहे, अधूनमधून जाऊन उघडतो. इथं मी रोज चपला घालून खाली उतरतो, कोथिंबीर घेतो, वर येतो. एकट्या माणसाला रोज कोथिंबीर लागत नाही. जुड्या वाळतात.

आवाज परत आला नाही. डक्ट म्हणा, भास म्हणा, दुःखानं कान वाजतात म्हणा. मग मनीषाताईंचे का वाजले, ते मला सांगा. विहारात हे बोलता येत नाही, पोरीला आता कधीच सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहिलं. ती असलं काही वाचत नाही. माझ्याकडं खुलासा नाही, आणि धम्म मानणारा माणूस म्हणून जो खुलासा द्यायला हवा, तो घशाखाली उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढा थापाड्या माणूस, ह्याच्यावर विश्वास काय ठेवायचा? बरोबर आहे. मग एक सांगतो, जे शेवंताशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तो बिबट्या नव्हता. शेळीएवढासुद्धा नव्हता. उदमांजर होतं. मी ओट्यावर चढून बसलो होतो आणि झारा त्याला नाही, माझ्याच पायावर पडला होता.

बिबट्याचं असं करता येतं. त्या दुपारचं येत नाही. मी बऱ्याचदा करून बघितलं. दोनच शब्द होते, आणि त्याआधी ‘अवो’. ह्यातलं निम्मं काय करू?